आमची फाइल कुठं राहते

लातुरात मार्कांपलीकडं कुणी काही बांधत नाही, असं ज्यानं ठरवलं, त्यानं लातूरची दुपार कधी पाहिलेलीच नाही. आमच्याकडं त्या दुपारींचे किस्से इतके साठलेत, की एक काढला की मागचे ढकलत पुढं येतात.

निसारच्या मामूंची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. तिथल्या एकुलत्या एका कम्प्युटरवर निसार, सुवर्णा आणि मी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बांधत होतो. आमचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, सुरू व्हायचं, पडद्यावर ‘सलाम, रामराम’ उमटायचं, आणि गप्प. फ्लॉपीवरची फाइल त्याला वाचता येत नव्हती. त्यासाठी फ्लॉपी वाचणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, लिहायचा होता. शेजारच्या क्लासला पेपर टाइप करायला तेच मशीन हवं होतं.

मामू म्हणाले, “ईदपर्यंत एक फाइल पुरी उघडून दाखवा. न्हाई तर मशीन क्लासला.”

*

क्लासचे सर एकदा मशीन बघायला आले. हे कितव्या पेपरला आहे, त्यांनी विचारलं. कुठल्याच नाही, मी सांगितलं. त्यांना आमची खरंच दया आली.

“मग करायलात काय?”

*

पहिल्यांदा फाइल उघडली तेव्हा पहिली ओळ बरोबर आली आणि खाली नुसती चित्रविचित्र चिन्हं. चांदणं सांडल्यासारखी. आम्ही बघतच राहिलो. मामूंनी चष्मा लावला.

“उर्दू तर न्हाई. सुवर्णा निलंग्याकडची हाय, तिला विचारा, कानडी हाय का.”

*

एका दुपारी जमीन हादरली. सगळे टायपिस्ट रस्त्यावर! सुवर्णाच्या हातात फ्लॉपी, लिहिणं चालू असताना उपसलेली. आठवड्याचं काम गेलं.

“अगं, ट्रक होता,” निसार चिडला.

“भूकंपाच्या पहाटे बाबापण हेच म्हणाले होते,” सुवर्णा म्हणाली.

निसारनं कोरी फ्लॉपी काढून तिच्या हातात दिली.

*

भूकंपानंतर वसलेल्या तिच्या नव्या गावात आम्ही जेवायला गेलो. सरळ रांगा, सारखी घरं. जुनी गल्ली सगळीकडं विखुरलेली. तिच्या मावशीचं घर सापडेना. एका घरी विचारलं, त्यांनी जुन्या शेजाऱ्याचं नवं घर सांगितलं. त्यानं त्याच्या शेजाऱ्याचं. उन्हात निसार मधेच थांबला.

फ्लॉपीवर फाइलचे तुकडेही असेच विखुरतात. एका तुकड्यापाशी पुढच्याचा पत्ता मिळतो. मी लिहिलेला ड्रायव्हर तो न विचारता लगतचा तुकडा उचलत होता.

“यार,” तो म्हणाला, “आपण भलत्याच्याच घरात शिरायलोय.”

*

ईदच्या आदल्या दिवशी क्लासचा शिपाई हातगाडी घेऊन आला. मामू पडद्यासमोर बसले होते. फाइल सुवर्णाची होती: तिची जुनी गल्ली, वेशीपासून सुरू करून एकामागून एक घरं. इंग्रजी अक्षरांतली मराठी मामू अडखळत, मोठ्यानं वाचत होते. चिन्हं नाहीत, चांदणं नाही. तुकड्याला तुकडा लागत होता.

मामू वाचता वाचता थांबले आणि शिपायाला म्हणाले, मशीन मिळणार न्हाई, तुमच्या सरांना सांगा.

शिपाई दारातून हलला नाही.

“थांबू नका, मामू,” तो म्हणाला. “पुढं आमचं घर यायला पायजे.”