मोठी म्हणजे किती?

तैवानमधल्या तैनान शहराच्या वाचनालयात दर शनिवारी लिहिणाऱ्यांचा एक गट जमे. नियम एकच, पण जाचक: आपलं लिखाण वाचून झालं की लिहिणाऱ्यानं तोंड मिटून बसायचं आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. सिऊखिमला त्याचं काही वाटलं नाही. ऐकून घेण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं.

बाजारात आलं-लसूण विकून तिनं स्वतःचा संसार न थाटता घर चालवलं आणि आईची सेवा केली. का, ते तिला एकदाचं लिहून टाकायचं होतं. लहानपणी तिच्या पाठीवरची बाळाची झोळी सुटली आणि तान्हा भाऊ आहिन मासळीच्या तळ्यात पडून बुडाला. आई तेव्हापासून म्हणत आली, "तू सोडलंस त्याला." सिऊखिमनंही तेच लिहिलं. मी मोठी होते, मला कळायला हवं होतं.

वाचून झालं तेव्हा तिला वाटलं, आता ही माणसं आपल्याला दारात उभं करणार नाहीत. पण गट चालवणाऱ्या ओंग बाई म्हणाल्या, तळ्याचं वर्णन फार लांबलंय. तिला धक्काच बसला. भाऊ मेला आणि यांना वर्णनाची पडलीय!

मग माशाची पेज विकणारा तेकसेंग डोकं खाजवत म्हणाला, "ताई सारखं 'मोठी होते, मोठी होते' लिहितात. मोठी म्हणजे किती?"

ओंग बाईंनी स्वतःच नियम मोडला. "सांगा, सिऊखिम."

"सहा."

तेकसेंगनं डोक्यावरचा हात खाली घेतला.

"माझी नात सहाची आहे," तेकसेंग हळू आवाजात म्हणाला. "तिला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नाही हो. तुमच्या पाठीवर ती झोळी बांधली कोणी?"

आधी सिऊखिमला त्याचा भयंकर राग आला. मग तिला भीती वाटली. मामा, शेजारी, देवळातले पुजारी, सगळ्यांनी ही गोष्ट ऐकली होती. पण हे विचारलं कुणीच नव्हतं. तिनं स्वतःसुद्धा नाही.

घरी आई जेवणासाठी खोळंबली होती. सिऊखिमनं माशाचा वाडगा पुढे ठेवला आणि आई जेवू लागल्यावर म्हणाली,

"आई, मी सहा वर्षांची होते. झोळी तू बांधली होतीस."

आईनं तोंडातला काटा काढून वाडग्याच्या कडेला ठेवला.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तेव्हापासून ठाऊक आहे."