काकूंच्या नळाचा आकडा

एका उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, असा पण करून जन्माला आलेला माणूस जगात एकच आणि तो नेमका माझा साडू. शेंद्र्याच्या कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळून ते निवृत्त झाले. जेवायला किती वाजता येणार, हे ते मला फोनवर चार वेळा विचारतात आणि उत्तरांची सरासरी काढून पानं मांडायला सांगतात. "एक आकडा खोटं बोलतो भाऊ, पन्नास मिळून नाय बोलत."

हर्सूलला त्यांच्या शेजारी एक काकू एकट्या राहायच्या. त्यांची पाण्याची लाईन साडूंपेक्षा वेगळी, मागच्या गल्लीची. पाणी आठवड्यातून एकदा, तेही कधी येईल याचा नेम नाही. पाचोडला लेक बाळंत होऊन पंधरा दिवस झाले तरी काकूंचा पाय घरातून निघेना. "पानी येऊन गेलं तर आठ दिस काय करू?" साडूंनी हे ऐकलं आणि काकूंच्या नळाला पाण्याचा दाब मोजणारं सेन्सर बसवलं. वायर भिंतीवरून आपल्या घरातल्या काडेपेटीएवढ्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे सेन्सरचे आकडे वाचणाऱ्या चिमुकल्या संगणकाला जोडली. दाब वाढला की आकडा वाढणार आणि भोंगा वाजणार. कोरड्या नळाचाही आकडा एकशे दोन यायचा. पाणी नाही तर शून्य नको का, असं मी विचारलं. साडूंना माझी कीव आली. "शून्य आलं तर वायर तुटली समजायचं. एकशे दोन म्हंजे सेन्सर जागं हाय, पानी नाय." पहिल्याच दिवशी भोंगा वाजला, मागची गल्ली हंडे घेऊन बाहेर आली आणि नळ ठणठणीत कोरडा. मेहुणीबाईंनी मिक्सर लावला होता, त्यानं वीज हलून एक आकडा उगाच वर उडाला होता. मग साडूंनी पन्नास आकड्यांची सरासरी घेणं सुरू केलं, आणि तरीही आठवडाभर घरात चटणी बंद.

टाकी भरायचं साडूंवर सोपवून काकू अखेर पाचोडला गेल्या. साडू मात्र काकूंच्या नळापाशी बादली पालथी घालून दोन दिवस बसून राहिले. "यंत्र पान्याची राखण करतंय आन् हे यंत्राची," मेहुणीबाई म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा वाजला, पाणी खरंच आलं, टाकी भरली. साडूंनी फोन लावला, "काकू, पानी आलं. एकशे शहाऐंशी."

"लई बरं झालं बाबा," काकू म्हणाल्या.

पुढे लेकीनं त्यांना ठेवूनच घेतलं. घराला कुलूप लागलं. तरी पाणी आलं की साडू अजून फोन करतात, आकडा सांगतात, मग हळूच नातवाची चौकशी करतात. बंद घराच्या नळावरचं ते सेन्सर काढून का टाकत नाही, असं मी परवा विचारलं. "काढलं तर काकूला फोन कसा करू, भाऊ?" पाण्याची खबर नसली तरी माणसाला फोन करता येतो, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. मला काही सांगवलं नाही.