एका बाईच्या दोन ओळी

माझ्या धाकट्या भावजयीचं सासरचं नाव मी ठेवलं. रीतीप्रमाणे भावानं अंगठीनं ताटातल्या तांदळात ते गिरवलं, पण सुचवलं मी, आणि हट्टानं. तिचं माहेरचं नाव मला गावंढळ वाटायचं. माझ्या स्वतःच्या लग्नात मी नाव बदलू दिलं नव्हतं, त्यावरून सासूशी चांगलीच जुंपली होती. इथं मात्र मी नणंद होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! तिचे वडील मेंढरं राखायचे. माझे आजोबाही तेच करायचे, पण मी शिकून मारुंजीला फ्लॅटमध्ये राहायला आले होते, तेव्हा ते विसरणं मला सोपं गेलं.

ती उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तात्पुरती, पण सहा वर्षं सलग. सहा वर्षं खंड न पडता भरली की कायम करणार, असं तिथं ठरलं होतं. लग्नाआधी पोरीनं एकच अट घातली होती, नोकरी सोडणार नाही. आई म्हणाली, "आदी कायम हू दे, मंग पोराबाळांचं बगू." सगळ्या घराचं लक्ष कायम होणाऱ्यांच्या पुढच्या यादीवर होतं.

त्याच कारखान्याच्या हजेरीचा प्रोग्रॅम आमच्या कंपनीनं केला होता, आणि त्याचे तक्ते मी आखले होते. म्हणजे तसे थेट नाही. आम्ही एक लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, वापरायचो. आपण 'कामगार' असा साचा लिहायचा, त्याला नाव, जन्मतारीख, रुजू तारीख द्यायची. डेटाबेसमधले तक्ते बनवणं, ओळी भरणं, बदलणं ते सगळं ती बघते. फक्त एक गोष्ट तिला आधी सांगावी लागते, की माणूस ओळखायचा कशावरून. ठेकेदार बदलला की कारखान्यात कामगारांचे नंबर बदलायचे, म्हणून मी पूर्ण नाव आणि जन्मतारीख जोडून तीच ओळख ठरवली. आमच्या वरिष्ठांनी विचारलं होतं, "आणि नाव बदललं तर?" मी फाडकन म्हणाले, "नाव कोण बदलतंय हो, सर? शाळेत घातलं तेच मरेपर्यंत." बाई असून मी हे बोलले, आणि तेही भावाच्या लग्नाची खरेदी चालू असताना. कपाळ माझं!

लग्नाची रजा संपवून ती कामावर गेली, तेव्हा नवं आधार कार्ड घेऊन गेली. ऑफिसातल्या क्लार्कनं तिचं पान उघडलं, जुनं नाव खोडलं, नवं टाकलं, सेव्ह दाबलं. त्याचं काही चुकलं नाही. पण लायब्ररीला मी सांगून ठेवलं होतं की नाव हीच ओळख. लायब्ररीनं नव्या नावाची ओळ शोधली, सापडली नाही, म्हणून नवीन बाई जन्माला घातली. नवी ओळ पडली की रुजू तारीख आपोआप त्या दिवसाची पडायची. ती सोयसुद्धा माझीच. जुनी ओळ जागेवरच राहिली. तिची हजेरी लागेना, तेव्हा ठरलेले दिवस उलटल्यावर प्रोग्रॅमनं तिच्यापुढं 'काम सोडले' असं लिहून टाकलं.

तीन महिन्यांनी यादी लागली. त्या रविवारी भाऊ तिला गाडीवर मागे बसवून माझ्याकडे घेऊन आला. फडक्यात भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. ती सोफ्यावर बसेना, खालीच बसली.

"वन्सं, यादीत मी न्हाई. सायेब म्हनतो, तू तीन म्हैन्यांमागं लागलीस. आन् सा वर्सं व्हती ती बाई काम सोडून गेली म्हनं. आवो, ती बी मीच की!"

मला तिथल्या तिथं कळलं. आणि तोंडातून काय निघालं? "कागद नीट दिले नसशील. एवढी वर्षं काम करतेस, साधा अर्ज भरता येत नाही?" चोराच्या उलट्या बोंबा! भाऊसुद्धा तिच्यावरच खेकसला. ती भाकऱ्यांचं फडकं घडी करत राहिली.

सोमवारी सकाळी मी तिच्या दोन्ही ओळी उघडल्या. दुरुस्ती तासाभराची होती. जुन्या ओळीची सगळी हजेरी नव्या नावावर न्यायची, रुजू तारीख खरी टाकायची, जुनी ओळ काढायची. हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं होईल, नाहीतर काहीच नाही. मी चालवलं. सहा वर्षांचा एकेक दिवस तिच्या नव्या नावापुढं येऊन बसला, एकही निसटला नाही. मला खरंच आनंद झाला. आता कमिट म्हटलं की ते कायमचं होणार होतं, आणि रोलबॅक म्हटलं की जसं होतं तसं.

तेवढ्यात वरिष्ठ माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "त्यांच्या चालू डेटावर काय चालवलंयस?"

खरं सांगायचं तर एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच आठवड्यात मला टीम लीड करायचं ठरत होतं. तक्त्याची ओळखच चुकीची आखली, आणि विचारलं तेव्हा तोंड वर करून उत्तर दिलं, हे त्यांना आठवलं असतं. तिथं लग्न झालेल्या आणखी किती बायकांच्या अशा दोन-दोन ओळी पडल्या असतील, ते उकरलं गेलं असतं.

"काही नाही, सर, नुसतं बघत होते," मी म्हणाले आणि रोलबॅक दाबलं. सगळे दिवस परत त्या काम सोडून गेलेल्या बाईकडे गेले. मागे घेतलेल्या ट्रान्झॅक्शनची तक्त्यात कुठंच खूण राहत नाही. मी दोनदा तपासलं.

तिनं कारखान्यात दाद मागितली, तर ऑफिसवाल्यांना भलताच संशय आला. एकाच चेहऱ्याची दोन नावं, म्हणजे खोटे कागद. खुलासा दे, नाहीतर घरी बस. भावानं मला फोन केला, तू शिकलेली आहेस, तूच लिहून दे. मी लिहून दिलं. 'जुन्या नावाच्या कामगाराशी माझा संबंध नाही. मी या कारखान्यात प्रथमच रुजू झाले आहे. गैरसमज माझ्या चुकीमुळे झाला.' गावी जाऊन, आईच्या स्वयंपाकघरात तिच्यापुढं कागद ठेवला. तिनं बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

"पर हे खोटं हाय, वन्सं."

"खरं पाहिजे की नोकरी?"

आईनं पेन तिच्या हातात कोंबलं. "सई कर गं त्याच्यावर. ती काय तुजं वाईट करतीया व्हय?" तिनं सही केली.

तिला ठेवून घेतलं, नवीन म्हणून. तिनं ज्या पोरींना काम शिकवलं त्या कायम झाल्या, आणि आता तिच्या पेट्या तपासतात. मी टीम लीड झाले. नाव ही ओळख राहू नये म्हणून तक्ता बदलला, पुढच्यांसाठी. जुन्या ओळींना हात लावला नाही. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, दूरदृष्टी म्हणाले.

दिवाळीला गावी गेले तेव्हा आई शेजारणीला सांगत होती, आमच्या लेकीनं सुनंची नोकरी वाचवली. भावजय ओल्या हातांनी बाहेर आली. "वन्सं, तुमी व्हता म्हून मी हाय तितं," म्हणाली आणि पाया पडायला वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत. वर म्हणाले, "आता खंड पडू देऊ नकोस. सहा वर्षं कशी जातात, कळतसुद्धा नाही."