चिंचणीच्या वळणावरचा मूठभर जवळा

सायकल विकायची, हे माझ्यापुरतं पक्कं झालं होतं. दिवाळीच्या सुमारास आमच्या डोंबिवलीच्या गल्लीच्या तोंडाशीच एका रिक्षाने कामावरून सायकलने येणाऱ्या अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कडेला दाबलं. हात प्लास्टरमध्ये गेला आणि सायकल गॅलरीत कुंड्यांमागे. पण स्वारी हटून बसली. "एकदा मोकळ्या हवेत चालवू दे, मग तूच गिऱ्हाईक आण." म्हटलं, चल बाबा. २०१७च्या मार्चमध्ये त्याची सायकल आणि शेजारणीची लेडीज सायकल गाडीच्या टपावर बांधून आम्ही डहाणू रोडला पोचलो. स्टेशनजवळचा लॉज साधाच, पण मालकाने सायकली जिन्याखाली ठेवू दिल्या. जाणार असाल तर हे आधी विचारून घ्या.

पहिल्या दिवशी उजाडताच निघालो. बोर्डीपर्यंत डावीकडे समुद्र, उजवीकडे चिकूच्या वाड्या. तिथून आत झरीकडे वळलो. रस्ता अरुंद, चढउतारही आहेत, पण गाड्या इतक्या तुरळक की मी चक्क गाणं म्हणत होते. अविनाशचा थंडीपासूनचा खोकला कुठल्या कुठे पळाला. डोंबिवलीत संध्याकाळी रुमाल काळा होतो, इथे झाला तो तांबडा, मातीने. झरीच्या टपरीवर चहा-भजी मागवली, तर एक आजोबा आमच्याकडे बघतच राहिले.

"मुंबईवरनं येऊन सायकल? पेट्रोल म्हाग झालं काय?"

"हौस आहे, बाबा."

"घ्या! आमच्या पोराला सायकल नको, फटफटी पायजे. तुमचं उलटंच."

सगळी टपरी हसली, आम्हीही हसलो. अविनाश इतका खूश होता की मला वाईट वाटायला लागलं. पण कबूल कोण करतंय!

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण उरकून चिंचणीकडे निघालो आणि माझा पारा चढला. तारापूरच्या कारखान्यांचे टेम्पो आणि बसगाड्या अगदी अंगावरून जातात. डांबर संपलं की खडी. सायकलवाल्याने जायचं तरी कुठून? एका टेम्पोचा हॉर्न कानाशी वाजला आणि मी उतरून चालायलाच लागले.

"बघितलंस? विकायचीच," मी म्हटलं.

गाव लागलं तसा रस्त्याच्या कडेने वाळत घातलेला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, दिसू लागला. गाड्या वर येऊ नयेत म्हणून बाहेरून दगडांची ओळ. पण एका वळणावर जवळा अगदी नावापुरता, दगडांलगत मूठमूठभर. आतली पट्टी रिकामी, सायकल जाईल एवढी, आणि एक बाई ती खराट्याने झाडत होती. भारती तिचं नाव.

"ताई, एवढासाच जवळा?"

"खायचा हाय तो अंगणात. हा आमच्या यांच्यासाठी." नवरा कारखान्यात कामाला, सायकलने ये-जा करतो. "गेल्या साली इथंच पडले. नुसते दगड ठेवले तर ड्रायव्हर शिव्या देतात, उडवून जातात. मासळी दिसली का बाजूने घेतात. अन्नावर चाक कोण घालील?"

"रोज घालता?"

"यांची पाळी सुटायच्या आधी, रोज."

"भीती नाही वाटत?"

"वाटते तर! पण यांना घरात ठेवून काय करू, लोणचं घालू?"

तेवढ्यात एक टेम्पो भरधाव आला आणि जवळ्याला वळसा घालून गेला. मागोमाग तिचा नवरा दगडांच्या आतून आला, आम्हाला बघून लाजला आणि रिकामा डबा तिच्या हातात दिला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मेलं, एवढे रस्ते बांधतात, पण सायकलची वाट आखायला कुणाला जमत नाही. हिने मूठभर जवळ्यात आखली! निघताना तिने अंगणातला जवळा बांधून दिला. घरी त्याची चटणी केली.

सायकलला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, त्याला मी नाही म्हणून कळवलं. तो सायकलने कामाला निघाला की भीती अजून वाटते, खोटं कशाला बोलू? पण हल्ली रोज संध्याकाळी मी खाली उतरते, गल्लीच्या तोंडाशी कडेला जुनी साडी अंथरते, कोपऱ्यांवर विटा ठेवते आणि उडदाचे पापड घालते. रिक्षावाले वळसा घालून जातात.

परवा शेजारीण म्हणाली, "अहो, ऊन कधीच उतरलं. आता पापड वाळणार कसे?"

म्हटलं, "न वाळेनात का! अविनाश यायचाय अजून."