न बुडणारी होडी

वर्गातली पोरं तिला पाठीमागे ‘कळवळाबाई’ म्हणत. तोंडावर ‘मॅडम’ म्हणत, पण त्या मॅडमलाही सुरीची धार असे. ती संगणकावरचे खेळ बनवायला शिकवी, आणि तिचा एकच हट्ट होता. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा हात चालत नाही, त्यालाही खेळ खेळता आला पाहिजे. पोरांना बंदुका आणि धावत्या गाड्या हव्या होत्या. हिचा तास त्यांना शिक्षेसारखा वाटे.

एके दिवशी संस्थेच्या संचालकांनी तिला बोलावलं. बसा म्हणाले नाहीत.

“पाहुणे येणार आहेत. एक खरा अपंग खेळाडू आणा. त्याला खेळ आवडला तर तुमचा विषय राहील. नाहीतर त्या खोलीत जाहिरातीचा वर्ग भरेल.”

तसा माणूस तिच्या घरातच होता. तिचा धाकटा दीर. छापखान्यातल्या यंत्राने त्याचा उजवा हात मनगटापासून नेला, तेव्हापासून तो मागच्या खोलीत राहायचा. वहिनीशी बोलण्यापेक्षा तो दार आपटणं पसंत करी. दोघांत उरलं होतं ते रविवारचं बुद्धिबळ. तो पट मांडी, जिंकी, सोंगट्या डब्यात कोंबी आणि तोंड वाकडं करून उठे. जिंकलेल्या माणसाला एवढा राग कसला येतो, हे बाईला कधी कळलं नाही.

“भाऊजी, याल का?”

“मांडून ठेवायला? गळ्यात पाटी अडकवणार असाल.”

“खेळायला.”

“येतो. तुमची पोरं तरी काय दिव्य आहेत बघू.”

पोरांचा म्होरक्या होता ‘वकील’. फार वाद घालायचा म्हणून ते नाव पडलेलं. त्याने एआयला कामाला जुंपून वादळातल्या होडीचा खेळ बनवला होता. खेळून बघायला माणसंही त्याने एआयकडूनच घडवून घेतली, एक आंधळा, एक बहिरा, एक एका हाताचा. तिघांनीही ‘फार सुंदर’ म्हणून मान डोलावली होती.

“एआयला मुळात हातच नाहीत, तर हात गेल्याचं त्याला काय कळणार?” बाईने तेव्हा विचारलं होतं.

“तुम्हाला तरी कुठे कळतं, मॅडम? तुमचे दोन्ही शाबूत आहेत.”

वर्ग फिदीफिदी हसला होता. बाईच्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. मग तिने तो खेळ मुकाट्याने पास केला.

पाहुणे आले. दीर पडद्यासमोर बसला. किती हातांनी खेळणार, असं खेळाने विचारलं. त्याने ‘एक’ निवडलं. होडी लाटांवर चढली, खडकांना चुकवत पैलतीराला लागली. टाळ्या पडल्या. संचालकांचा चेहरा उजळला.

दीर पुन्हा खेळला. या वेळी त्याने होडी सरळ खडकावर घातली. ती अलगद बाजूला सरकली. मग त्याने हात मांडीवर ठेवला आणि नुसता बघत राहिला. होडी आपली आपण तीराला लागली.

“ए वकील, ही बुडत का नाही रे?”

“एआयनंच सुचवलं होतं,” वकील चाचरला. “एका हाताने खेळणारा हरला तर त्याला वाईट वाटेल म्हणे. मॅडमनाही पटलं.”

दीर खुर्चीसकट वहिनीकडे वळला.

“वाटलंच. म्हणजे हे घरातलंच दुखणं इथवर आलंय! दर रविवारी वजीर माझ्या तोंडात आणून देता, ते मला दिसत नाही? हात गेलाय माझा, डोळे नाही गेले. मला धड हरूसुद्धा देत नाही तुम्ही!”



“एकंदरीत खेळ कसा वाटला?” संचालकांनी घाईने विचारलं.

“भिकार.”

संचालकांनी पाहुण्यांना चहाकडे वळवलं आणि जाता जाता बाईच्या कानाशी म्हणाले, “विषय संपला तुमचा.”

बाई जागची हलली नाही. तिने वकिलाकडे बघितलं. “बुडव.”

“मॅडम?”

“होडी बुडव. आत्ता.”

वकिलाने एआयला तसं सांगितलं. खेळणाऱ्याच्या भावना दुखावतील, अशी सूचना पडद्यावर आली. वकिलाने वाकून टाइप केलं, ‘दुखावू देत.’

पहिल्याच खडकावर होडी फुटली. दिराने कचकचीत शिवी हासडली. “पुन्हा!” पुन्हा फुटली. पाहुणे गेले, बाकीच्या खोल्यांतले दिवे मालवले गेले, शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहिला, तरी तो एका हाताने त्या काळ्या पाण्याशी भांडत होता. जाहिरातीच्या वर्गाची बाकं व्हरांड्यात येऊन पडली होती.

रविवारी त्याने पट मांडला. बाईने वजीर सोडला नाही. उलट त्याचा मारला, आणि राजाला कोपऱ्यात कोंडलं. तो पटाकडे बघत राहिला. मग त्याने एका फटक्यात पट उधळला. सोंगट्या पलंगाखाली, दाराआड गडगडत गेल्या.

“डाव साधलात ना माझ्यावर!”

“मांडा पुन्हा,” बाई म्हणाली, आणि एकही सोंगटी उचलायला वाकली नाही.