लाल का हिरवा

"भाऊ, लाइट पाहून सांगा बरं. लाल हाय का हिरवा?" घरात पाऊल ठेवताच तो हे विचारायचा. राउटर त्याच्या समोरच असायचा.

सक्करदऱ्यात आमच्या गल्लीतून इंटरनेटची तक्रार गेली की कंपनी त्यालाच पाठवायची. जोडीदार त्याला गाडीवरून दारात सोडून पुढच्या घरी जायचा. पन्नाशीचा, सडपातळ, बिनसाखरेचा चहा पिणारा. यापलीकडे त्याचे वर्णन मला करता येत नाही. अशा माणसाच्या चेहऱ्याकडे आपण पाहत नाही. आपली नजर अडकलेल्या टीव्हीवर असते.

मे महिन्यात वडिलांची मॅच सारखी थांबू लागली. वडील अंथरुणाला खिळलेले. टीव्हीवरच त्यांचा दिवस जातो. तो आला, त्याने विचारले. मी म्हणालो, हिरवा.

"मंग लाइन चांगली हाय. खराबी घरातच हाय."

भिंतीवरची वायर त्याने बोटांनी शेवटपर्यंत चाचपली. हात पुढे धरून टीव्हीकडे निघाला आणि कूलरच्या ओल्या जाळीपाशी थांबला.

"हा कधी ठेवला इथं?"

"परवा."

"तवापासूनच अडकून राहिला टीव्ही. राउटर तिकडं, टीव्ही इकडं. मधात लोखंडी डबा, वरून पाण्यानं भरलेला. सिग्नल जाईन कुठून?"

कूलर खिडकीकडे सरकवला. चित्र सुरळीत झाले.

"पगार तुले, अन् लाइट पाहाचा आमच्या पोरानं?" पलंगावरून वडिलांचा टोमणा आला.

"शिकू द्या ना बाबूजी. मी काय जलमभर येऊन राहिलो?" तो हसला.

संध्याकाळी कंपनीचा फोन आला. काम कसे झाले? मी बातमीदार, विचारले तर खरे तेच सांगण्याची सवय. म्हणालो, काम उत्तम. फक्त लाइट स्वतः पाहत नाही, आम्हाला पाहायला लावतो.

पावसाळ्यात वायर तुटली तेव्हा जोडीदार एकटाच आला. त्याने राउटरचा लाइट स्वतः पाहिला. मी चौकशी केली.

"त्यायले काढलं, भाऊ. कोण्या तरी घरून तक्रार गेली, म्हणून कंपनीनं डोळे तपासले. शुगरनं नजर गेली होती. दोन वर्षं निस्त्या बोटांवर काम करून राहिले होते. मले मालूम होतं, मीच तर सोडत होतो दारोदारी."

कोणते घर, हे मी विचारले नाही.

चित्र अडकले की वडील अजूनही पलंगावरून ओरडतात, "पाहा बरं, लाल हाय का हिरवा?"

मी उठतो. वाकून पाहतो आणि सांगतो.