पाटी ज्यानं लावली, त्यानंच काढायची

मशीनपाशी गेले की ते आधी उजवा हात पँटला पुसत आणि मग तो पालथा करून मशीनच्या अंगावर ठेवत. आईनं मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा, हलकेच. डोळे मिटत. भोवती आम्ही चारपाच जण श्वास रोखून उभे. मॅनेजरसाहेब घड्याळाकडे बघत असत, ऑपरेटर छताकडे. मग डोळे उघडून ते निकाल देत.

"गरम हाय."

आणि थोडं थांबून, साहेबांना नको असलेला शब्द: "थांबवा."

हात पालथाच का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "तळव्याला घट्टं पडल्यात ताई. त्याला उन्हाळा-पावसाळा कळत न्हाई. पाठीकडचं कातडं अजून शहाणं हाय."

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात पंपांचे व्हॉल्व्ह बनतात. मी तिथं स्टोअर सांभाळते, म्हणजे नटबोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत सगळ्या राज्याची मी राणी, आणि जाळीच्या खिडकीतून प्रजेला दान देते. ते मेंटेनन्सचे फिटर. सगळे त्यांना मामा म्हणत. साहेबही, आणि साहेबांचे साहेबही. राहायला विश्रामबागेत आमच्या मागच्याच गल्लीत. संध्याकाळी मोपेड लावून कट्ट्यावर बसत आणि अख्ख्या गल्लीचे मिक्सर, पंखे, कुकरचे दांडे त्यांच्यापुढे रांगेनं येत. असा एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर गल्ली बदला.

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी निम्मीच होती. ती कशी गेली, याच्या कथा मात्र भरपूर होत्या. एकदा ती कृष्णेतल्या मगरीनं नेली होती. एकदा लग्नाच्या पंगतीत घाईघाईत जिलबीबरोबर खाल्ली गेली होती. नव्या पोरांना सांगत, "साहेबाकडं बोट दाखवलं, त्यांनी ठिवून घेतलं." माझी मुलगी जुई या कथांची चाहती. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर त्या लिहूनच ठेवल्या होत्या. चौदा झाल्या होत्या.

आता त्या पाटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर टांगलेलं आहे. पत्र्याची लाल पाटी, वर तारेचा आकडा, पांढरी अक्षरं: 'काम चालू आहे. बटण दाबू नये.' मशीन उघडायच्या आधी मामा ती बटणापाशी लटकवत. नियम एकच, पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची. लावणारा चहाला गेला तरी, मालक स्वतः आला तरी. दरवर्षी सुरक्षा सप्ताहात सगळ्या कामगारांकडून या नियमाची शपथ म्हणून घेतली जाते. माझा आवाज खणखणीत आणि कॉलेजात मी नाटकं गाजवलेली, म्हणून माइकवर शपथ सांगायला मीच. "मी शपथ घेते की..." असं मी म्हटलं की शेवटच्या रांगेतला डुलक्या घेणारासुद्धा ताठ होतो. हे लक्षात ठेवा. पुढे माझी फजिती आहे.

त्या वर्षी जुई पाचवीत गणितात नापास झाली.

पाचवीला आता नापास मुलाला तसंच पुढे ढकलत नाहीत. जूनमध्ये फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर पुन्हा पाचवी. मैत्रिणी सहावीच्या वर्गात आणि ही त्याच बाकावर. निकालाच्या दिवशी तिनं मला एवढंच विचारलं, की नव्या पाचवीतली मुलं तिला ताई म्हणतील का. मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी कागद, पट्टी आणि सात रंगांची स्केचपेनं घेऊन बसले आणि सुट्टीचं वेळापत्रक तयार केलं.

काय वेळापत्रक होतं म्हणून सांगू. पहाटे साडेपाचला पाढे. सहा ते आठ गणित. मग अबॅकसचा क्लास, मग हस्ताक्षराचा. दुपारी पुन्हा गणित, या वेळी बाबांकडून, म्हणजे रडारड धरून दीड तास. संध्याकाळी 'मनोरंजन (शैक्षणिक)', पंधरा मिनिटं. विश्रांती नव्हती असं नाही. 'पाणी पिणे' असा एक हिरवा चौकोन होता. माझ्या बहिणीनं त्याचा फोटो काढून नेला, तेव्हा मला कृतकृत्य वाटलं होतं.

चौथ्या दिवशी जुईच्या पोटात दुखायला लागलं. वही उघडली की दुखायचं, मिटली की थांबायचं. नखं कुरतडून बोटं लाल. मी थर्मामीटर लावून बघितला, ताप नव्हता. म्हणून वेळापत्रक चालू.

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती; दुपारी मामा आमचा मिक्सर दुरुस्त करून परत द्यायला आले. मे महिन्यातले दोन वाजलेले, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि ही पोरगी टेबलाशी अपूर्णांक सोडवत बसलेली. त्यांनी मिक्सर खाली ठेवला. वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. मग उजवा हात पँटला पुसला, पालथा केला आणि जुईच्या कपाळावर ठेवला.

मला पुढचे शब्द पाठ होते.

"गरम हाय. थांबवा."

मी म्हटलं, ताप नाही, मी बघितलाय. तर म्हणाले, थर्मामीटरला कळायचा नाही असला आहे. मी परीक्षेचं सांगितलं, पुन्हा पाचवीचं सांगितलं, महिना उरलाय म्हणून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताई, शटडाऊनला आपला मालक कारखाना आठ दिवस बंद ठेवतोय. त्याला काय प्रॉडक्शन नको असतंय व्हय? मशीन बंद असतंय तवाच मशीनचं खरं काम हुतंय. पर आधी गार हुयाला पायजे. तापल्यालं उघडलं की आपलाच हात भाजतोय."

घरी जाऊन ते ती लाल पाटी घेऊन आले. त्यांची स्वतःची, जुनी, कडा गंजलेली. टेबलाच्या खणाच्या कडीत तिचा आकडा अडकवला. आठ दिवस हे टेबल बंद. जुई पाटीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पाटीकडे. फाशीच्या कैद्याला सुटकेचा कागद दाखवल्यावर तो आधी सही खरी आहे का बघतो, तसं.

पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी चिंचेवर चढली. चौथ्या दिवशी बाबांबरोबर नदीवर पोहायला गेली आणि घरी येऊन चार पोळ्या खाल्ल्या. पोट दुखत नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला दिसत होतं ते कॅलेंडर. स्टोअरमध्ये बसून मी बेरिंग मागणाऱ्याला बुश देत होते.

पाचव्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी, घरात कोणी नाही असं बघून, मी पाटी काढली.

होय, मीच. माइकवरची ती खणखणीत बाई. पाटी कपाटामागे सरकवली आणि जुईला बाहेरून हाक मारून टेबलाशी बसवलं. थोडासाच सराव, असं स्वतःला सांगितलं. अर्ध्या तासात तिचा हात पोटाकडे गेला.

आणि नेमके दारात मामा. हातात पिकलेल्या आंब्यांची पिशवी. त्यांनी टेबल बघितलं, रिकामी कडी बघितली. पिशवी खाली ठेवली.

"पाटी कुनी काढली?"

एवढी वर्षं ओळखते मी त्यांना. त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, उलट बारीक होता. जुईनं माझ्याकडे बघितलं नाही, हे तिचं मोठेपण. मी हात वर केला. खरोखरच केला, वर्गात करतात तसा.

ते खुर्चीवर बसले. मग डावा हात टेबलावर ठेवला.

"पोरीला चौदा गोष्टी सांगितल्या. पंधरावी तुमाला सांगतो. बावीस वर्षांचा हुतो, दुसऱ्या कारखान्यात. पाटी लावून आत हात घातला हुता. सुपरवायजरला वाटलं, मी च्याला गेलोय. त्यानं पाटी काढली अन् बटण दाबलं." त्यांनी हात मागे घेतला. "तोबी वाईट नव्हता, ताई. घाईत हुता."

मी जाऊन कपाटामागून पाटी काढून आणली. त्यांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी घेतली नाही. जुईला म्हणाले, "आजपास्नं पाटी तुझी. कवा लावायची, कवा काढायची, ते तूच ठरीव." आणि मला म्हणाले, आंबे पाण्यात टाका.

जुईनं पाटी परत कडीला लावली. आठ दिवस पूर्ण केले. नवव्या दिवशी तिनं ती स्वतः काढली आणि वही घेऊन मामांच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मी मागोमाग गेले, पण पायरीवरच थांबले.

मामांनी आधी तिची जुन्या पेपरातली उत्तरं बघितली. सगळं मशीन कधी बिघडत नाही, एखादं बेरिंग गेलेलं असतं आणि लोक अख्खं मशीन बडवत बसतात, हे त्यांचं नेहमीचं. बेरजा बरोबर होत्या, गुणाकार बरोबर होते. गेले होते ते अपूर्णांक. त्यांनी पोतडी उघडून नट आवळायचे इंची पाने कट्ट्यावर मांडले. प्रत्येकावर माप कोरलेलं. लहानापासून मोठ्यापर्यंत लाव, म्हणाले, पण पान्यांकडे न बघता, नुसते आकडे वाचून.

तिनं आकडे वहीत लिहून घेतले आणि क्रम लावला. एक छेद दोन सगळ्यांत लहान. मग तीन छेद आठ, मग सात छेद सोळा. मग खरे पाने शेजारी ठेवून बघितले, तर एक छेद दोन सगळ्यांत मोठा.

"आकडे मोठे अन् पाना बारका," ती म्हणाली. "असं कसं?"

मामांनी पोलादी पट्टी तिच्यापुढे ठेवली. इंचाचे आठ भाग. फिटर आणि सुतार त्या एका भागाला सूत म्हणतात. प्रत्येक सूत निम्मं केलं तर इंचात तुकडे किती? सोळा. मग त्यातले सात तुकडे म्हणजे किती सूत? जुई पट्टीवर बोट सरकवत गेली.

"साडेतीन."

तेव्हा मामांनी दोन्ही हात तिच्यापुढे धरले, अंगठे मिटून. उजव्या हाताची चार बोटं: चार सूत, म्हणजे अर्धा इंच. डाव्या हाताची तीन पूर्ण आणि एक निम्मं: साडेतीन सूत, म्हणजे सात छेद सोळा. आता सांग, मोठं कुठलं?

जुई त्या दोन हातांकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. मामाही हसायला लागले. मी पायरीवर होते, म्हणून माझं काय झालं ते कोणी बघितलं नाही.

पुढे रोज अर्धाच तास. मी जरा वाढवा म्हटलं, तर मामा म्हणाले, ग्रीस जास्त झालं तरी बेरिंग तापतं. उरलेल्या दिवसात तिनं एक बंद पंखा खोलला, पुन्हा जोडला, दोन स्क्रू उरले ते मला दान दिले, आणि नदीत या काठापासून थोडं लांबपर्यंत पोहून दाखवलं. मगर दिसली नाही, याचं तिला वाईट वाटलं.

फेरपरीक्षेनंतर बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, ही मुलगी पेपरभर अंगठा मिटून आणि डाव्या हाताची करंगळी निम्मी दुमडून हाताकडे बघत होती. हातावर काही लिहिलंय म्हणून मी तीनदा तळवा तपासला. काहीच नव्हतं. शिवाय उत्तराशेजारी 'साडेतीन सूत' लिहिलंय, हे काय आहे? मी ते समजावून सांगताना कॉलेजातलं सगळं नाटक पणाला लावलं. बाईंनी शेवटी स्वतःचा अंगठा मिटून बघितला.

जुई सहावीत गेली.

त्या दिवाळीत मामा निवृत्त झाले. मुलगा शिरवळला कारखान्यात आहे, त्याच्याकडे राहायला जायचं ठरलं. सुट्टीतला दिवस, दुपारची वेळ. टेम्पोत सामान चढलं, मोपेड सगळ्यांत शेवटी. गल्ली निरोपाला जमली. मामा टेम्पोत चढायला आले आणि थांबले. टेम्पोच्या दाराच्या कडीला लाल पाटी लटकत होती. 'काम चालू आहे. बटण दाबू नये.'

जुईचा पत्ता नव्हता. मी घरात जाऊन बघितलं, तर बाईसाहेब चटईवर गाढ झोपलेल्या.

मी येऊन म्हटलं, मामा, झोपलीय ती. मी काढते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ऱ्हाऊ द्या ताई. एकदा काढली तेवढी पुरे."

मग उठवते म्हटलं, तर तेही नको. सुट्टी आहे, गार होतीय, होऊ द्या. शिरवळचा ड्रायव्हर चक्रावून गेला. आधी हॉर्नकडे हात नेला, मग मामांचा चेहरा बघून हात मांडीखाली घेतला. मी चहा केला. पुन्हा केला. गल्लीतल्या बायका आपापल्या घरून फराळ घेऊन आल्या. निरोपाचं रडणं बाजूला राहिलं आणि कट्ट्यावर चांगली दीड तास बैठक रंगली. मगर आली, जिलबी आली. सोळावी गोष्टही आली, ती ड्रायव्हरला मिळाली.

शेवटी जुई आली. गालावर चटईची नक्षी, केस डोळ्यावर. कोणाकडे न बघता ती टेम्पोपाशी गेली. हात फ्रॉकला पुसला, पालथा केला आणि इंजिनाच्या पत्र्यावर ठेवला. डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे.

"गार हाय," ती म्हणाली.

पुढचा शब्द यायला वेळ लागला. मामांनी घाई केली नाही.

"जावा."

तिनं पाटी काढून पोटाशी धरली. टेम्पो निघाला. वळणावर खिडकीतून एक डावा हात बाहेर आला, अंगठा मिटलेला.

साडेतीन सूत.